नारायणकाकांचा पापुद्रा

नारायणकाकांकडे गेलेल्या माणसाला पाण्याच्या आधी साबण मिळायचा. हात कोपरापर्यंत धुवायचे, अंगठी-घड्याळ काढून फ्रिजवर ठेवायचं आणि जेवणाच्या टेबलाच्या पलीकडे जाऊन उभं राहायचं. मग काका ओल्या फडक्याखालून मैद्याचा मळलेला गोळा काढत आणि त्याचं एक टोक तुमच्या हातात देत.

काका आमचे सरावलीतले शेजारी. सगळी नोकरी मालवाहू बोटीवर आचारी म्हणून झाली. तिथे एका ग्रीक खलाशाकडून ते ‘फिलो’ शिकले. फिलो म्हणजे कांद्याच्या सालीसारखा पातळ पापुद्रा. त्याच्या पट्ट्यांना तेलाचा हात लावायचा, पालक-पनीर नाहीतर परतलेला जवळा भरायचा, घडीवर घडी घालत त्रिकोण करायचे आणि ओव्हनमध्ये भाजायचे. आमची आळी त्यांना सरळ समोसे म्हणायची आणि काकांना ते लागायचं. “समोसा तळतात, मास्तर. तुम्ही पोरांना शिकवता तरी काय?” असं ते मला विचारत. मी तलासरीच्या शाळेत गणित शिकवतो, पण हा मुद्दा त्यांना मान्य नव्हता.

पापुद्रा टेबलभर ताणायला चार हात लागतातच, असं काकांचं म्हणणं. काकी जाऊन बरीच वर्षं झालेली, तेव्हा रविवारी सकाळी गेटसमोर दिसेल तो सापडला. विजेचं रीडिंग घेणारा सापडला. झाईहून बोंबील घेऊन येणारी मावशी सापडली. तिला मात्र हात दोनदा धुवावे लागले. २०१४च्या निवडणुकीत तर दोन विरोधी पक्षांचे कार्यकर्ते एकाच पापुद्र्याची दोन टोकं धरून उभे होते आणि काका दोघांनाही बजावत होते, “फाटलं तरी चालेल, सोडू नका.” ताणता ताणता प्रत्येकाची चौकशी व्हायची. मुलीचं जमलं का, गुडघा काय म्हणतो, विहिरीला पाणी किती. पापुद्र्यातून टेबल दिसू लागलं तरी चौकशी संपेपर्यंत कुणाची सुटका नसे.

पुढे एका दिवाळीच्या खरेदीत मला वापीच्या मॉलमध्ये तयार फिलोचं गोठवलेलं पाकीट दिसलं. म्हाताऱ्या माणसाचे कष्ट वाचतील म्हणून मी ते मोठ्या हौसेने काकांना नेऊन दिलं. त्यांनी चष्मा लावून पाकीट वजनासकट सगळं वाचलं, “बेस झालं” म्हणाले आणि फ्रिजमध्ये टाकलं.

त्या रविवारी त्यांनी कुणालाच हाक मारली नाही. पुढच्या रविवारीही नाही. मावशीने काका गावाला गेलेत का म्हणून मला विचारलं, तेव्हा बायकोने मला पिटाळलं.

काका टीव्हीसमोर बसले होते. टेबलावर चिकू पिकायला पसरले होते. बरं नाही का, असं मी विचारलं. तसं काही नव्हतं. पाकिटातले करून बघितले, चांगले झाले, झटपट झाले, असं त्यांनी सांगितलं.

“त्यात दुसऱ्या माणसाला कामच नाही, मास्तर.”

मग पूर्वीसारखेच करू की, मी म्हटलं. काकांनी टीव्ही बंद केला.

“खरं सांगू? बोटीवर मी एकटाच करायचो. लाटण्याने. दोन माणसं कशाला लागतात? सुटीवर घरी आलो की ही म्हणायची, थांबा, मी पण धरते एक बाजू. वर्षातून दोन महिने काय तो घरी असायचो. आमचं जे काय बोलणं झालं, ते या टेबलापाशी.”

मला फार वाईट वाटलं. मैदा आहे का ते मी विचारलं. नव्हता. मग आम्ही दोघं आणायला निघालो. वाण्याचं दुकान आळीच्या तोंडाशीच आहे. काका मात्र स्टेशनकडच्या लांबच्या रस्त्याला वळले. मीही त्यांच्याबरोबर वळलो आणि गुडघा काय म्हणतो ते विचारलं.