तळ्यावरचे मामा

मुलाकडच्यांना घरी न बोलावता तळ्यावर बोलवायचं, ही कल्पना शिंप्याच्या बायकोची. घरात खोल्या दोनच, त्यातली एक मशीनची. शिवाय खुर्च्या समोरासमोर मांडल्या की माणसं नुसती एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात. तळ्याभोवती चालताना पायांखाली बघावं लागतं, मग बोलणं आपोआप निघतं, असं तिचं म्हणणं.

पोरांनी एकमेकांना केव्हाच पसंत केलं होतं. अडलं होतं एकाच गोष्टीवर, आणि त्या गोष्टीने शिंप्याची तीन आठवडे झोप उडवली होती. त्याची लेक त्याच्याहून सरस शिवायची. बाही अशी जोडायची की बाहीलाही वाटावं, आपण जन्मापासून इथेच आहोत. आणि मुलाच्या आईचा निरोप आला होता, "सून बेकरीच्या काउंटरवर बसेल. मशीनबिशीन आता पुरे."

"बाबा, तुम्ही बोला," लेक म्हणाली होती. "मी बोलले तर भांडण होईल."

"बोलतो की," शिंपी म्हणाला होता. तेव्हापासून तोंडात टाचण्या धरल्यासारखे त्याचे ओठ मिटले होते ते मिटलेच.

डोंगरांनी ओंजळ धरावी आणि कुणीतरी तिच्यात आभाळ ओतावं, एवढंसं ते तळं. फाटकापाशी बेकरीवाले व्याही, विहीणबाई आणि त्यांचा मुलगा उभे होते. शेजारी एक उंच, पिकल्या मिशांचे गृहस्थ. दोन्हीकडची मंडळी भेटताच तेच पुढे झाले.

"या, या! मी मामा. सगळे मामाच म्हणतात. चला, ऊन चढायच्या आत निघू."

शिंप्याने त्यांचा शर्ट एका नजरेत वाचला. चौकड्यांचं कापड, पण खिशावरच्या चौकड्या शर्टावरच्या चौकड्यांशी रेघेवर रेघ मिळवलेल्या. असा शर्ट शिवून घेणारा माणूस घरात ज्याचा शब्द चालतो असाच असणार. तो बायकोच्या कानात पुटपुटला, "मुलाचे मामा. यांना सांभाळलं की झालं."

वाट चढणीची होती आणि विहीणबाईंच्या पायात लग्नाला शोभतील अशा चपला होत्या. पहिल्याच दगडावर एकीचा पट्टा तुटला. मामांनी खिशातून सुतळी काढली, चपलेला आवळून बांधली आणि पुढच्या चढावर त्यांना हात दिला. दुसऱ्या वळणावर बेकरीवाल्यांना झोप आली. पहाटे तीनला भट्टी लावणारा माणूस, अकराला त्याची रात्र होते. मामांनी त्यांना झाडाखाली आडवं केलं, तोंडावर टोपी ठेवली आणि बरोब्बर वीस मिनिटांनी उठवलं.

"फार करता हो तुम्ही," विहीणबाई म्हणाल्या.

"मग? आपल्याच माणसांचं करायचं नाही तर कुणाचं?"

काठावर बसून खाताना शिंप्याची बायको त्याला कोपराने ढोसत राहिली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा त्याच्या हातातलं अंडं घरंगळत तळ्यात गेलं. तो खाकरला.

"ते... म्हणजे... आमच्या लेकीचं शिवणकाम..."

"शिवते?" मामांनी पाव खाली ठेवला. "स्वतःच्या हाताने? मग ते सोडायचं नाही! हातातली कला काय चपला आहेत, दारात काढून आत यायला? मशीन तिच्याबरोबर येईल. उजेडाच्या खिडकीशी ठेवू. ठरलं!"

शिंप्याने श्वास रोखून विहीणबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "मोठ्यांनी सांगितल्यावर... मी काय बोलणार?"

शिंप्याच्या मनावरचं ओझं कापसासारखं वाऱ्यावर उडून गेलं. आपल्याला एक वाक्य धड बोलता आलं नाही, आणि मुलाकडच्या माणसाने न मागता सगळं पदरात टाकलं!

दुपारी दोन होड्या घेतल्या. एकीत बेकरीवाले आणि पोरं. वल्ह्यावरून पोरांची जुंपली होती, होडी जागच्या जागी गिरक्या घेत होती. दुसरीत मामा वल्हवत होते. समोर शिंपी, त्याची बायको आणि विहीणबाई. पाण्यावर ऊन असं सांडलं होतं की शिंप्याला गावंसं वाटलं. गाता येत नव्हतं, म्हणून त्याने हाक मारली.

"व्याहीबुवा! तुमचे मामा म्हणजे लाख माणूस बरं का!"

"आमचे?" पलीकडून आवाज आला. "आमचे कुठले? तुमचे ना?"

"काहीतरीच काय! तुमच्या शेजारी उभे होते फाटकापाशी!"

"ते आमच्या आधीपासून उभे होते! आम्ही म्हटलं, मुलीकडचे आहेत, स्वागताला थांबलेत!"

दोन्ही होड्या थांबल्या. शिंप्याच्या बायकोने पिशवी पोटाशी घट्ट धरली. विहीणबाई मागे सरकल्या, होडी कलली, सगळे एकदम ओरडले. तळ्याच्या मधोमध, माणूस उठून जाणार तरी कुठे?

"मग तुम्ही कोण हो?" शिंप्याचा आवाज चिरकला.

मामांचा चेहरा धुतलेल्या कापडासारखा पांढरा पडला होता. "तुम्ही... भाच्याच्या सासरची मंडळी नाही? तो म्हणाला, तळ्याच्या फाटकापाशी थांब, ते येतील. त्याला कामावरून यायला उशीर होणार होता. तुम्ही आलात. मी म्हटलं, हेच ते."

"आणि आमचा मुलगा? तो कोण वाटला तुम्हाला?" विहीणबाई कडाडल्या.

"मुलीचा भाऊ. सकाळपासून भांडतायत ना दोघं!"

विहीणबाईंनी कंबर ताठ केली. "म्हणजे ते मशीनचं जे ठरलं, ते ना यांच्या घरातल्यांनी म्हटलं, ना आमच्या. मग ते ठरलंच नाही!"

पलीकडच्या होडीत लेक वल्हं धरून नुसती बघत होती. आता बोलायला दुसरं कुणी नव्हतं. शिंपी उठून उभा राहिला, होडी डुलली, बायकोने त्याची विजार पकडली.

"ती शिवणार!" तो ओरडला. शब्द डोंगरावर आपटून परत आला. "शिवणार म्हणजे शिवणार! नाहीतर... नाहीतर मी बसणार नाही खाली!"

"अहो, बुडाल!"

"बुडेन!"

मामांनी वल्हं मांडीवर ठेवलं आणि हळहळून म्हणाले, "गोड पोर हो. मी तर मनातल्या मनात खिडकीखालचं कपाटही हलवलं होतं तिच्यासाठी. आमच्या घरात आली असती तर सोनं झालं असतं."

"तुमच्या घरात?" विहीणबाईंच्या डोळ्यांत ठिणगी पडली. "का येईल तुमच्या घरात? सून आमची आहे! आमच्याकडे काय खिडक्या नाहीत? दुकानाच्या माडीवर तीन आहेत, तिन्ही पूर्वेच्या! एक मशीन सोडा, दोन ठेवील. आणि तुम्ही बसा हो खाली, जावयाच्या आईला बुडवता की काय!"

शिंपी बसला.

तेवढ्यात पलीकडच्या काठावरून शिट्टी आली. फाटकापाशी पाच-सहा माणसं एका रांगेत उभी होती, कपाळावर हात धरून पाण्याकडे बघत. त्यातला एक तरणा दोन्ही हात हलवत होता.

"आता त्यांना काय सांगू मी?" मामांनी क्षीण आवाजात विचारलं.

दुसऱ्या होडीतून बेकरीवाल्यांचा झोपाळू आवाज आला, "सांगा, मुलगी बघितली, फार आवडली. फक्त ती त्यांची नव्हती."