सटवाजीची लोकरी टोपी

एका जंगलात एकही झाड नव्हतं. हसू नका. मोठी माणसं अशा जंगलाला वाळवंट म्हणतात. जिकडे पाहावं तिकडे वाळू, मध्ये मध्ये निवडुंग, आणि डोक्यावर ऊन. तिथे कुत्र्यांची एक वसाहत होती. का होती ते मला विचारू नका. मलाही कळलेलं नाही.

तर बाळांनो, मोबाइल खाली ठेवा आणि ऐका. ए चष्मेवाल्या, तूसुद्धा.

वसाहतीपासून पाणवठ्यापर्यंत एकच पायवाट होती. वाटेत एक मोठा काळा दगड होता. त्या दगडाजवळ सटवाजी नावाचा साप राहायचा. हा साधासुधा साप नव्हता. त्याच्या शेपटीला खुळखुळा होता, तुमच्या पाळण्यावर टांगलेला असायचा तसा. कुणी जवळ आलं की सटवाजीचं शेपूट आपसूक वाजायचं. खुळ्‌खुळ्‌खुळ्‌! म्हणजे, बाबांनो, मी इथे आहे, जरा लांबून जा.

सटवाजी स्वभावाने गरीब होता. पण त्याची एक खोड होती, आणि ती तो कुणापासून लपवायचा नाही. तो म्हणायचा, "अंगावर पाय पडला की माझं तोंड आधी जातं आणि विचार मागून येतो. म्हणून तर देवाने मला शेपूट दिलंय."

या शेपटाचा सगळ्यात जास्त उपयोग रखमाजीला व्हायचा. रखमाजी म्हातारा कुत्रा. एका वावटळीत डोळ्यांत वाळू गेली आणि त्याची दृष्टी गेली ती गेलीच. तरी तो रोज सकाळी एकटा पाणवठ्यावर जायचा. काळ्या दगडापाशी खुळखुळा ऐकू आला की थांबायचा, बारा पावलं डावीकडे वळायचा आणि पुढे निघायचा.

"रामराम, सटवाजी. वळतो रे."

"रामराम, रखमाजी. निवडुंग सांभाळ."

इतकाच त्यांचा व्यवहार. पण त्यावर रखमाजीचा जीव टिकून होता. हे लक्षात ठेवा, मी पुन्हा सांगणार नाही.

आता त्या वसाहतीत एक प्रभातफेरी मंडळ होतं. मंडळाचे अध्यक्ष झिपरोजीराव. केस इतके लांब की तोंड कुठलं आणि शेपूट कुठलं ते बोलायला लागल्यावरच कळायचं. आणि बोलायला लागले की थांबायचे नाहीत. त्यांच्या शेजारी चिटणीस चतुराबाई. या बाईंचं काम एकच, अध्यक्ष जे बोलतील ते आधीच ठरलं होतं असं लिहून घ्यायचं.

मंडळ रोज सकाळी फेरीला निघायचं. छाती पुढे, शेपट्या वर. काळ्या दगडापाशी आलं की खुळ्‌खुळ्‌ व्हायचं आणि सगळ्यांना बारा पावलं वळून जावं लागायचं. तेवढ्याने या वीरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"काय ही कटकट!" झिपरोजीराव म्हणाले. "सकाळच्या प्रसन्न वेळी हा गोंगाट! माझ्या श्वासाची लय बिघडते."

"माझीसुद्धा बिघडते, रावसाहेब," चतुराबाई म्हणाल्या. त्यांना लय कधी नव्हतीच. पण बाई समंजस होत्या.

लगेच सभा भरली. ठराव आला: काळ्या दगडाचा परिसर शांतता क्षेत्र घोषित करावा आणि सापाने शेपूट वाजवू नये. सापाने तिथे राहू नये, असं कुणी म्हणालं का? नाही. सापाने चावू नये, असं म्हणालं का? छे! तक्रार फक्त आवाजाची होती.

सगळ्यांनी पंजे वर केले. तेवढ्यात मागून रखमाजी उठला.

"अहो रावसाहेब, मला दिसत नाही," तो म्हणाला. "तुम्हाला साप दिसेल तरी. मला तो फक्त ऐकू येतो. तेवढं एक बंद करू नका. हात जोडतो."

झिपरोजीराव कळवळून हसले. असं हसायला फार सराव लागतो.

"रखमाजी, तुमच्या भावनांचा आम्हाला आदर आहे. चतुराबाई, आदर लिहून घ्या."

"घेतला, रावसाहेब."

"आता पंजे मोजा."

झाला ठराव मंजूर. रखमाजी मटकन खाली बसला. त्याच्या शेजारच्या कुत्र्याने त्याला म्हटलं, "मनावर घेऊ नका हो, आबा." या शेजाऱ्याचाही पंजा वरच होता. मला अशांचा सगळ्यात जास्त राग येतो.

आता प्रश्न आला, सापाचं शेपूट थांबवायचं कसं? दम देऊन चाललं नसतं. मग मंडळाने त्याचा सत्कार केला.

हो, सत्कार! झिपरोजीरावांच्या गळालेल्या केसांची एक लोकरी टोपी विणली. काळ्या दगडापाशी मंडप घातला. नारळ काही त्या वाळवंटात मिळाला नाही, म्हणून निवडुंगाचं बोंड आणलं. अध्यक्षांनी स्वतःच्या पंजांनी ती टोपी सटवाजीच्या शेपटीवर चढवली आणि त्याला 'शांतिदूत' ही पदवी दिली. टाळ्या झाल्या. फोटो निघाले. सगळ्या फोटोंत झिपरोजीरावच होते. साप एकात अर्धा आला.

सटवाजी बिचारा भारावून गेला. आजवर त्याला कुणी 'या, बसा' म्हटलं नव्हतं. त्याने शेपूट हलवून पाहिलं. आवाज आला नाही.

"पण रावसाहेब," तो चाचरत म्हणाला, "रखमाजीला कसं कळेल?"

"शांतिदूताने क्षुल्लक गोष्टींत लक्ष घालू नये," रावसाहेब म्हणाले.

सटवाजी गप्प बसला. टोपी मऊ होती, आणि पदवी त्याहून मऊ. मी त्यालाही माफ केलेलं नाही.

तीन दिवस सगळं छान चाललं. मंडळ सरळ वाटेने जाऊ लागलं. चतुराबाईंनी अहवाल लिहिला की पायवाटेवर तीन दिवसांत एकदाही खुळखुळा वाजलेला नाही, सबब सापाचा धोका पूर्णपणे टळला आहे. अहवाल वाचून दाखवला तेव्हा लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं.

या तीन दिवसांत रखमाजी पाणवठ्यावर गेला नाही. घरी पडून ओठ चाटत राहिला. कुणी त्याला पाणी आणून दिलं असेल असं तुम्हाला वाटलं? वेडे आहात. सगळे फेरीला गेले होते.

चौथ्या सकाळी तहान अनावर झाली आणि म्हातारा निघाला. पावलं मोजत मोजत काळ्या दगडापाशी आला. थांबला. कान टवकारले.

"सटवाजी, आहेस का रे?"

उत्तर नाही. सटवाजी वाटेतच उन्हाला पसरला होता आणि त्याचा डोळा लागला होता. पण पावलांची चाहूल लागताच शेपूट मात्र इमानदारीने हललं. टोपीच्या आत जिवाच्या आकांताने हललं. बाहेर काहीच आलं नाही.

"गेला वाटतं कुठेतरी," असं पुटपुटून रखमाजीने सरळ पाऊल टाकलं.

ते सापाच्या अंगावर पडलं. तोंड आधी गेलं. विचार मागून आला.

"रखमाजी!" सटवाजी किंचाळला. "अरे, मी वाजवलं रे! देवाशपथ वाजवलं!"

"ऐकू नाही आलं, बाबा," रखमाजी म्हणाला आणि तिथेच आडवा झाला. ऊन डोक्यावर येईपर्यंत तो गेला. पाणवठा तिथून वीस पावलांवर होता.

दुसऱ्याच दिवशी मंडळाने शोकसभा घेतली. सावली तेवढी एकच, म्हणून सभाही काळ्या दगडापाशीच. सटवाजी शरमेने दगडाच्या कपारीत तोंड खुपसून बसला होता. टोपी मात्र शेपटीवर तशीच होती. त्याने काढायचा प्रयत्न केला होता, पण झिपरोजीरावांचे केस एकदा अडकले की सुटत नाहीत.

झिपरोजीराव गहिवरून बोलले. "रखमाजी आमचे आधारस्तंभ होते. फक्त एवढंच वाटतं, दिसत नसताना त्यांनी असं एकट्याने फिरायला नको होतं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. खरंच की, चूक त्याचीच.

"आता दोन मिनिटं शांतता पाळू," अध्यक्ष म्हणाले. "आणि लक्षात ठेवा, जो तोंडातून आवाज काढेल त्याचं सभासदत्व रद्द. मग तो कुणीही असो!"

चतुराबाईंनी हे शेवटचं वाक्य ठळक अक्षरात लिहून घेतलं. शांतता सुरू झाली. अध्यक्षांनी दुःखाने मान खाली घातली, दोन पावलं मागे सरकले आणि आपलं भारदस्त बूड टेकायला दगडाची कपार शोधली.

कपारीत शेपूट हललं. आवाज आला नाही. बूड पुढच्या क्षणी सटवाजीच्या अंगावर होतं, आणि सटवाजीची खोड तुम्हाला माहीत आहे.

झिपरोजीरावांचे डोळे पांढरे झाले. तोंड उघडलं. समोर सगळं मंडळ बसलं होतं. शेजारी चतुराबाई लेखणी सरसावून बसल्या होत्या. नियम त्यांचाच होता आणि अजून एक मिनिट चाळीस सेकंद बाकी होते. रावसाहेबांनी तोंड मिटलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

ते अश्रू पाहून चतुराबाईंचं मन भरून आलं. त्यांनी आणखी एक मिनिट वाढवलं.

अध्यक्ष डावीकडे झुकले. मग उजवीकडे झुकले. सभासद एकमेकांना कोपराने ढोसू लागले, पाहा पाहा, किती हळवं मन! शेवटी रावसाहेब तोंडावर आपटले.

तेव्हा कपारीतून सटवाजी बाहेर आला. त्याने शेपूट दगडावर घासलं, आपटलं, रक्तबंबाळ केलं, आणि एकदाची टोपी फाडली. खुळ्‌खुळ्‌खुळ्‌खुळ्‌! अख्ख्या वाळवंटात घुमेल असं वाजवलं.

"अहो, त्यांना चावलोय मी!" तो ओरडला. "वैद्याला बोलवा! अजून जीव आहे!"

सगळं मंडळ संतापून त्याच्याकडे वळलं.

"शोकसभेत आवाज!" चतुराबाई दबक्या स्वरात फुत्कारल्या. "लाज नाही वाटत?"

चार कुत्र्यांनी मिळून त्याच्या शेपटीवर जादा विणून ठेवलेली दुसरी टोपी चढवली. मग चतुराबाईंनी अध्यक्षांच्या नाकाशी पंजा धरून पाहिला, वही उघडली, आणि झिपरोजीरावांसाठी दोन मिनिटं लगेच सुरू झाली.

तात्पर्य: बाळांनो, साप चावला तर ओरडू नये, त्याने बाकीच्यांच्या शांततेचा भंग होतो. खुळखुळा वाजायचा थांबला की साप नाही असं समजून खुशाल सरळ चालावं. पुढची दोन मिनिटं मंडळ बघून घेतं.