सत्तावीस नंबरचा घरभेदी

"नऊ वेळा!" साहेब कागदावर बोट आपटत म्हणाले. "रोज नऊ वेळा! आणि मी मूर्खासारखा रंगाचे डबे कुलपात ठेवतोय."

साहेबांची कंपनी वजनकाटे बनवायची. जगात त्यांचा विश्वास दोनच गोष्टींवर होता. एक, आपला काटा. दुसरी, आपल्याला कुणीतरी फसवतंय ही. गेल्या महिन्यात पलीकडच्या गल्लीतल्या कंपनीने निळा वजनकाटा बाजारात आणला आणि साहेबांची झोप उडाली. कारण निळा रंग आधी साहेबांच्या डोक्यात आला होता. डोक्यातला रंग गल्ली ओलांडून गेलाच कसा? ऑफिसात घरभेदी आहे, हे त्यांनी त्याच दिवशी ठरवलं. तो कोण, एवढंच शोधायचं बाकी होतं.

ते काम आलं नेटवर्क सांभाळणाऱ्या गृहस्थांकडे. त्यांना ऑफिसात सगळे तारवाले म्हणत. कंपनीच्या डीएनएस सर्व्हरची नोंद काढून रिपोर्ट द्या, असा हुकूम होता.

हा डीएनएस म्हणजे पत्ते सांगणारा. कुठल्याही वेबसाईटवर जायचं तर कॉम्प्युटर आधी याला विचारतो, "अमक्याचा पत्ता काय?" तो पत्ता सांगतो, आणि कुणी विचारलं, किती वाजता विचारलं, हे वहीत लिहून ठेवतो. कोपऱ्यावरच्या दुकानदारासारखा. फरक इतकाच, की दुकानदाराला तिखटमीठ लावता येतं, याला येत नाही. ते लावायला साहेब होते.

"पत्ता विचारला म्हणजे तिकडे गेलाच असं नाही, साहेब," तारवाले म्हणाले.

"तुम्ही कुणाच्या घराचा पत्ता रोज नऊ वेळा विचारता का? उगाच?"

साहेबांनी रिपोर्ट फक्त ऑफिसच्या वेळेचा मागितला होता, सुट्ट्या वगळून. ("कागद कशाला वाढवता?") त्यात सत्तावीस नंबरच्या वायरवरून पलीकडच्या कंपनीचा पत्ता रोज नऊ वेळा विचारला गेला होता. ना आठ, ना दहा.

"शिस्तीचा बदमाश आहे," साहेब म्हणाले. "सत्तावीस नंबर कोण? शुक्रवारी त्याला सगळ्यांसमोर घरी पाठवतो."

कुठली वायर कुणाची, याची यादी तारवाल्यांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली होती. त्यांनी दार उघडलं, बोट खाली नेलं आणि दार धाडकन लावून टाकलं. सत्तावीस नंबरसमोर त्यांच्या मेहुण्याचं नाव होतं. सख्खा मेहुणा. बायकोचा एकुलता एक भाऊ. तक्रार विभागात त्याला चिकटवलं होतं ते तारवाल्यांनीच, आणि "मुलगा हिऱ्यासारखा आहे" असं साहेबांना सांगितलं होतं तेही त्यांनीच.

"यादी जरा जुनी आहे, साहेब," ते केबिनच्या दारातून म्हणाले. "तपासून सांगतो. शुक्रवारपर्यंत."

त्या दिवसापासून तारवाल्यांचं कामात लक्ष लागेना. मेहुणा फोनवर हसला, की यांना शंका. मेहुणा गंभीर झाला, की जास्त शंका. त्याने नवा निळा शर्ट घातला तेव्हा तर त्यांची नजर त्या शर्टावरून हटेना.

"दाजी, सकाळपासून असं काय बघताय माझ्याकडे? शर्टावर काही सांडलंय का?"

"नाही. कुठून घेतलास?"

"ताईनेच दिला की. तुमच्यासमोर!"

इकडे साहेबांच्या पोटात गोष्ट राहीना. त्यांनी ती दोन मॅनेजरांना सांगितली, अगदी गुप्त म्हणून. मॅनेजरांनीही गुप्तता पाळली, म्हणजे प्रत्येकी एकालाच सांगितली. मंगळवारी दुपारपर्यंत ऑफिसात कळलं नव्हतं असा कुणी उरला नाही. आणि पलीकडच्यांच्या वेबसाईटवर एवढं आहे तरी काय, हे ज्याने त्याने उघडून पाहिलं. माणसाचा स्वभावच तो.

मंगळवारचा आकडा आला त्रेसष्ट.

"बघा! पसरतंय!" साहेब ओरडले.

"साहेब, लोक नुसते बघत असतील."

"बघायला ते काय प्राणिसंग्रहालय आहे?"

बुधवारी दोनशे चाळीस. गुरुवारी चारशेच्या वर. त्यातले अठ्ठ्याऐंशी साहेबांच्या केबिनमधले होते.

"मी लक्ष ठेवतोय," साहेब म्हणाले. "माझं मोजू नका."

सत्तावीस नंबर मात्र नऊच्या पुढे गेला नव्हता. बाकीचं ऑफिस उधळलेलं आणि हा आपला तासाला एकदा, वेळेवर. तारवाल्यांना त्यातही मेहुण्याची लबाडीच दिसली. सराईत दिसतो, त्यांच्या मनात आलं, गर्दीत मिसळत नाही.

गुरुवारी संध्याकाळी घरी आल्यावर तो कागद त्यांच्या बॅगेतून निसटून जमिनीवर पडला आणि बायकोने उचलला. सत्तावीसभोवती लाल पेनाने गोल केलेला होता, आणि शेजारी भावाचं नाव.

"हे काय आहे?"

"ऑफिसचं आहे. दे इकडे."

"अहो, माझ्या भावाचं नाव आणि त्याला लाल गोल? परीक्षेत नापास झालाय का तो?"

तारवाल्यांनी सगळं सांगितलं. बायको ऐकून घेत होती आणि हे लक्षण चांगलं नव्हतं.

"म्हणजे उद्या त्याची नोकरी जाणार. तुमच्या या कागदामुळे. आणि मी माझ्या आईला काय सांगू? जावयाने घात केला म्हणून?"

"अगं, मी काय करू? नोंद खोटं बोलत नाही. तासाला एकदा, ठोक्याला ठोका."

"ठोक्याला ठोका? माझा भाऊ?" बायको आता हसायलाच लागली. "अहो, स्वतःच्या साखरपुड्याला दीड तास उशिरा आला होता तो! तासाला एकदा कुठलंही काम तो करेल का? श्वास घेतो तेच नशीब. रविवारी काय केलं होतं त्याने?"

"रविवार रिपोर्टमध्ये नाही. सुट्टी वगळलीय."

"मग बघा की रविवारचं! रविवारी तो बारा वाजेपर्यंत इथे आपल्या सोफ्यावर घोरत होता. हात लोंबत होता खाली. त्याने कुठलं बटण दाबलं असेल तर मला सांगा."

एवढी साधी गोष्ट आपल्या डोक्यात का आली नाही, म्हणून तारवाले स्वतःवरच चिडले. शुक्रवारी सकाळी सगळ्यांच्या आधी ऑफिसात जाऊन त्यांनी रविवारची नोंद उघडली. सत्तावीस नंबरने पत्ता विचारला होता चोवीस वेळा. पहाटे तीनलासुद्धा. ऑफिसला बाहेरून कुलूप असताना.

त्यांनी सत्तावीस नंबरची वायर धरली आणि तिच्या मागे मागे निघाले. भिंतीच्या कडेने, कपाटामागून, झेरॉक्स मशीनखालून रांगत. मेहुणा पूर्वी दाराजवळ बसायचा. दोन महिन्यांपूर्वी त्याचं टेबल आत हललं आणि त्याच्या जागी भिंतीवर हजेरीचं मशीन बसलं. वायर तीच. ती मशीनला जोडली होती खुद्द तारवाल्यांनी, आणि यादी बदलायचा कंटाळाही खुद्द त्यांनीच केला होता.

ते गुडघ्यांवरून उठले तेव्हा अकाउंट्सच्या बाई मशीनवर अंगठा ठेवून उभ्या होत्या.

"थँक्यू," मशीन गोड आवाजात म्हणालं.

"घरभेदी!" तारवाले ओरडले.

"कोण, मी?" बाईंनी अंगठा मागे घेतला. "मी फक्त एकदाच बघितली ती साईट!"

मशीन सेकंडहँड होतं. जुन्या मालकाचा पत्ता त्यातून पुसायचा राहून गेला होता, आणि ते बिचारं तासातासाला त्याची चौकशी करत होतं. नवी सून माहेरी फोन लावते तसं. जुना मालक कोण, ते मागच्या स्टिकरवर लिहिलेलंच होतं. पलीकडची कंपनी.

तारवाल्यांनी वायर उपटली आणि मशीन काखेत मारून केबिनकडे धूम ठोकली. मेहुण्याची नोकरी वाचली, बायको वाचली, सासू वाचली! त्यांना रडूच यायचं बाकी होतं.

"साहेब, सापडला! माणूस नाहीच तो! हे बघा!"

साहेबांनी मान वर केली नाही. त्यांच्यासमोर टेबलावर सहा पाकिटं मांडलेली होती.

"सहा सापडलेत," ते थकलेल्या आवाजात म्हणाले. "स्वतःहून आले. राजीनामे आहेत. पलीकडच्यांच्या वेबसाईटवर म्हणे भरतीचं पान आहे. आठवडाभर सगळे तेच वाचत होते."

सहावं पाकीट मेहुण्याचं होतं, आणि तो स्वतः बाजूलाच उभा होता.

"दाजी, तुमचे उपकार! मी जन्मात त्या साईटवर गेलो नसतो. पण बुधवारी सगळे म्हणाले बघ, म्हणून बघितली. जागा होती. मुलाखतसुद्धा झाली काल."

"वेळेवर गेलास?" तारवाल्यांच्या तोंडून निघून गेलं.

"अर्धा तास उशिरा. ते त्याहून उशिरा आले."

साहेबांनी मशीन उलटंपालटं करून पाहिलं, स्टिकर वाचला आणि ते हळूच टेबलावर पालथं ठेवलं. मशीन त्यांनी स्वतःच आणलं होतं, जुन्या सामानाच्या दुकानातून, निम्म्या किमतीत, आणि पलीकडच्यांची वस्तू स्वस्तात हाणली म्हणून ऑफिसभर सांगत फिरले होते.

"आणि तो निळा रंग?" त्यांनी शेवटचा धागा धरून पाहिला.

"रंगवाल्याकडे निळाच उरला होता, साहेब," अकाउंट्सच्या बाई दारातून म्हणाल्या. "त्याने दोघांच्याही गळ्यात तोच मारला."

मशीन त्याच दिवशी दुकानात परत गेलं. रिपोर्टच्या शेवटी साहेबांच्या सांगण्यावरून तारवाल्यांनी लिहिलं: 'दोषी आढळला. कामावरून काढण्यात आला.' घरी बायकोने आधी भावाला नवी नोकरी लागली म्हणून गोड केलं, आणि मग नवऱ्याने त्याच्यावर संशय घेतला म्हणून आठ दिवस बोलणं टाकलं.

तीन आठवडे झाले. तारवाले केबिनमध्ये साहेबांसमोर बसून नव्या यादीत रिकाम्या खुर्च्यांचे नंबर खोडत होते. सहा खुर्च्यांवर अजून कुणी मिळालं नव्हतं, आणि तक्रार विभागाचे फोन साहेब स्वतः उचलत होते. तेवढ्यात मेहुण्याचा फोन आला. हातात पेन होतं म्हणून तारवाल्यांनी तो स्पीकरवर घेतला.

"दाजी, मेलो! इथल्या साहेबांनी डीएनएसचा रिपोर्ट काढलाय. इथून कुणीतरी सारखं तुमच्या कंपनीचा पत्ता विचारतंय. सगळ्यांना वाटतंय मीच. मी तिकडचा ना! आईशप्पथ सांगतो, मी एकदाही..."

"किती वेळा विचारतंय?"

"रोज नऊ वेळा."

तारवाल्यांनी पेन खाली ठेवलं. "तुमच्याकडे एवढ्यात एखादं हजेरीचं मशीन बसवलंय का रे?"

"हो, मागच्या दाराला. सहा माणसं वाढली ना. सेकंडहँड आहे. अंगठा ठेवला की थँक्यू म्हणतं. का हो?"

दुकानात देताना मशीनमधून आपला पत्ता पुसायचा राहिला, हे सांगायला तारवाले तोंड उघडणार, इतक्यात साहेबांनी टेबलावरून झेपावून फोनवर पंजा ठेवला.

"सांगू नका!" ते कुजबुजले. महिन्यात पहिल्यांदाच त्यांचे डोळे चमकत होते. "आता ते सगळे आपली वेबसाईट उघडून बघतील. भरतीचं पान टाका. आत्ताच्या आत्ता. सहा जागा." मग थोडा विचार करून म्हणाले, "नको. दहा लिहा."

"पण साहेब, याची नोकरी जाईल हो!"

"गेली तर जाऊ दे की. येईल कुठे?"

तारवाल्यांनी खोडलेल्या यादीकडे पाहिलं. मग साहेबांचा पंजा हळूच बाजूला केला.

"दाजी? ऐकताय ना? मी काय करू आता?"

"काही करू नकोस," तारवाले म्हणाले. "तुझी खुर्ची पुसून ठेवतो."