जीपमध्ये होडीचं इंजिन

सन दोन हजार तेवीस, ज्येष्ठ महिना, जूनची चार तारीख. मासेमारी बंद होऊन तीन दिवस झाले होते. मढच्या किनाऱ्यावर आमची होडी वाळूत वर घ्यायची होती. दरवर्षी वीस माणसं लागतात. मी म्हटलं, माणसं नकोत. माझी जीप आहे.

जीप चाळीस वर्षांची. चारही चाकांना जोर असलेली, लष्कराच्या लिलावातली. (तिने लढाई पाहिली की नाही, माहीत नाही. आमच्या घरी आल्यापासून रोज पाहते.)

दोर बांधला. जीप गुरगुरली, खोकली, धूर सोडला आणि बंद पडली. शेवटी माणसांनीच होडी वर घेतली.

"ही जीप देवनारच्या भंगारवाल्याला देऊन टाकते," सगुणा म्हणाली. सगुणा माझी बायको. ती बोलते ते करते.

"जीपमध्ये दोष नाही. इंजिन लहान पडतं."

"इंजिन की डोकं?"

लोक हसले. मला राग आला. मी सगळ्यांसमोर सांगितलं, "एक ऑगस्टला होडी पाण्यात जाईल ती याच जीपने. नाही गेली, तर भंगारवाल्याकडे मी स्वतः पोचवीन."

"कशी पोचवणार, भावोजी?" सगुणाचा भाऊ खंडू म्हणाला. "ती चालते कुठे?"

दुसऱ्या दिवशी मालवणीला बाळा मेकॅनिककडे गेलो. तो म्हणाला, "काका, मोठं इंजिन टाकावं लागेल. बाजारात दीड-दोन लाख."

मी चौथी शिकलो. पण इंजिनाचा आवाज पन्नास वर्षं ऐकतोय. मोठं इंजिन माझ्या डोळ्यांसमोर होतं. होडीत, ताडपत्रीखाली, दोन महिने रिकामं. अडचण एकच. होडी सगुणाच्या नावावर आहे आणि जीप माझ्या. (घर कोण चालवतं, ते यावरून समजावं.)

ती सुकट निवडत होती.

"होडीचं इंजिन उसनं दे," मी म्हटलं.

"पीठ आहे का ते?"

"पडूनच आहे ना दोन महिने."

तिने सूप खाली ठेवलं. "एक ऑगस्टला माझं इंजिन माझ्या होडीत पाहिजे."

"मिळेल. माझा शब्द आहे, रामनाथचा."

ती हसली. मला वाटलं, कौतुकाने.

बाळाला सहा दिवस लागले. इंजिन मावेना, म्हणून पत्रा कापला. बॉनेट बसेना, म्हणून काढून टाकलं. होडीचं इंजिन समुद्राच्या पाण्याने थंड होतं आणि जीपला समुद्र नसतो, म्हणून मागची सीट काढून तिथे पाण्याचं निळं पिंप ठेवलं. वापरलेलं गरम पाणी एका नळीतून बाजूला उडायचं. (मार्वे रोडला एक गृहस्थ लग्नाचे कपडे घालून उभे होते. मी माफी मागितली. ते काय म्हणाले ते लिहीत नाही.) मजुरी म्हणून जीपचं जुनं इंजिन बाळाने ठेवून घेतलं. मी म्हटलं, ठेव. रामनाथला आता ते काय करायचंय?

पहिली चाचणी गॅरेजसमोर झाली. मी पहिला गिअर टाकला. जीप मागे गेली आणि बाळाच्या स्टुलावर चढली.

"काका, रिव्हर्स पडला."

"चाळीस वर्षं गाडी चालवतोय. पहिलाच आहे." दुसरा टाकला. जीप आणखी जोरात मागे गेली.

बाळा गाडीखाली गेला. बाहेर आला तेव्हा डोकं खाजवत होता. "वाट लागली, काका. हे इंजिन उलट्या बाजूला फिरतं. आता तुम्हाला मागे जायला चार गिअर आणि पुढे यायला एक."

"मग इंजिन सुलटं कर."

"सुलटं केलं तर होडी उलटी जाईल."

मी घरी मागे मागे आलो. पुढे जायचा एकच गिअर, त्याला बैलगाडीने ओव्हरटेक केलं असतं. नाक्यावर हवालदाराने थांबवलं. "काका, येताय की जाताय?"

"घरी जातोय," मी सांगितलं. मान आठ दिवस दुखत होती. ते कोणाला सांगितलं नाही.

तीस जुलैला कृणाल माझ्याजवळ येऊन बसला. हा माझा मुलगा, होडी तोच नेतो.

"बाबा, परवा जीप होडी ढकलणार. म्हणजे इंजिन जीपमध्ये पाहिजे."

"हो."

"आणि परवाच मला मासेमारीला जायचंय. म्हणजे इंजिन होडीत पाहिजे."

"हो."

"आपल्याकडे इंजिनं किती?"

चौथी शिकलोय. एकपर्यंत मोजता येतं. आतून सगुणाचं हसणं ऐकू आलं. जूनमधलंच हसणं होतं ते. आता अर्थ लागला.

"मी सगळा विचार केलाय," मी म्हटलं. (केला नव्हता.)

एक ऑगस्ट. अधिक श्रावणातली पौर्णिमा, दुपारी उधाणाची भरती. सगळा गाव खाडीच्या बाजूला जमला. होडीखाली ओंडके घातले, ओंडक्यांना तेल लावलं. जीपची पाठ होडीला लावली, मध्ये जुने टायर बांधले. जीपचा जोर मागेच, म्हणजे माझं तोंड गावाकडे आणि पाठ समुद्राकडे. पहिला गिअर टाकला. इंजिन गरजलं. होडी हलली!

लोक ओरडायला लागले. मी एक हात वर केला. लोक आणखी ओरडले. खंडू हात हलवत धावत आला.

"बस! भावोजी, बस! बस!"

"बसलोयच की!" मी ओरडलो आणि जोर वाढवला.

पायाला पाणी लागलं. वाटलं, पिंप फुटलं. मागे पाहिलं. होडी केव्हाच तरंगायला लागली होती, आणि जीप तिच्या मागोमाग समुद्रात निघाली होती. इंजिनाचा आवाज इतका गोड मी कधी ऐकला नव्हता. (त्याला माहेर दिसलं असावं.) पाणी सीटला लागलं तेव्हा मी थांबलो.

कृणालने वल्ह्याने होडी वळवून जीपला लावली. होडीच्या डोलकाठीला कप्पी बांधली. बाळा तमाशा बघायला आलाच होता, त्याला पाण्यात उतरवलं. त्याने बुडी मारमारून बोल्ट सोडले. तासाभरात इंजिन जीपमधून वर आलं आणि होडीत खाली गेलं. वाळूला टेकलंसुद्धा नाही.

"प्लॅन झकास होता, काका," बाळा धापा टाकत म्हणाला.

"होताच," मी म्हटलं.

सगुणा गुडघाभर पाण्यात उभी होती. हातात नारळ.

"होडी जीपने ढकलली?"

"ढकलली."

"मग जीप भंगारात देत नाही. इंजिन?"

"होडीत."

"आणि जीपमध्ये?"

मी बाळाकडे पाहिलं. बाळा समुद्राकडे पाहायला लागला.

कृणालने इंजिन सुरू केलं. होडी पहिल्याच झटक्यात सरळ पुढे गेली. सगुणाने नारळ पाण्यात सोडला. उसनं फिटलं.