वानखेडेजींचे ब्रेक

वानखेडेजी कुणाच्याही घरी गेले की चपला काढण्याआधी विजेचं मीटर बघतात. माझ्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा मी दारात "या, या" करत ताटकळलो आणि हे मीटरसमोर उभे. चष्मा वर केला, खाली केला, सील बोटाने चाचपलं, मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आज तरी ठीक दिसतंय."

वीज खात्यातून मीटर तपासनीस म्हणून रिटायर झालेला माणूस. नोकरी सुटली, संशय सुटला नाही. "मामला संदिग्ध आहे, भिया," हे त्यांचं इंदुरी पालुपद; भिया म्हणजे भाऊ. दूध पातळ आलं की मामला संदिग्ध. घट्ट आलं तर फारच संदिग्ध. पुण्याहून मुलाचा फोन आला की घ्यायच्या आधी स्क्रीनकडे बघत बसतात, "आज कशासाठी केला असेल?" तोवर फोन वाजायचा थांबतो.

मी नोकरीसाठी धुळ्याहून इंदूरला आलो आणि राजेंद्र नगरात त्यांच्या शेजारच्या घरात वरच्या मजल्यावर राहू लागलो. माझ्या गॅलरीच्या बरोबर खाली रस्त्यावर त्यांची गाडी. गाडी कसली, चार चाकांवर ठेवलेला गंज! देपालपूरच्या एका शेतात त्या गाडीत कोंबड्या राहायच्या. वानखेडेजींनी कोंबड्या बाहेर काढल्या आणि गाडी ट्रॉलीत घालून घरी आणली.

दोन वर्षं ते ती स्वतःच दुरुस्त करत होते. मेकॅनिकला हात लावू द्यायचा नाही, कारण मेकॅनिक पार्ट बदलतात.

"अहो, बदलायलाच तर द्यायची ना?" मी म्हटलं.

"तसं नाही हो देसलेजी! चांगला काढून घेतात, खराब लावून देतात. सीधी बात आहे."

म्हणून प्रत्येक नटावर लाल नेलपॉलिशचा ठिपका, ओळख पटावी म्हणून. काम शिकले मोबाईलवर व्हिडिओ बघून, पण शिकवणाऱ्यावरही भरवसा नाही. "हा एक स्टेप लपवतोय. बघा, इथे कॅमेरा फिरवला. का फिरवला?"

रोज सकाळी सातला ठोकाठोकी सुरू. रविवारीसुद्धा. एका रविवारी माझं डोकंच फिरलं. गॅलरीतून फोटो काढला आणि निगमच्या, म्हणजे महापालिकेच्या, ॲपवर तक्रार टाकली: रस्त्यावर लावारिस भंगार वाहन. या शहराला कचऱ्याचा राग आहे हे ठाऊक होतं, पण इतकी तत्परता? मंगळवारी गाडीच्या काचेवर नोटीस! सात दिवसांत गाडी चालवून हलवा, नाहीतर उचलून नेऊ.

संध्याकाळी वानखेडेजी माझ्या दारात. मीटरकडे बघितलंसुद्धा नाही. नोटीस घडी करून शर्टाच्या खिशात ठेवलेली.

"कोणीतरी गद्दारी केली, देसलेजी."

मी मागचं गॅलरीचं दार हळूच ओढून घेतलं.

"शोधून काढू. तुम्ही चला माझ्यासोबत. एकट्याने तपास होत नाही."

झालं! चोरालाच पंच नेमलं. रोज संध्याकाळी ऑफिसातून आलो की आम्ही तपासाला निघायचो. दूधवाला झाला, इस्त्रीवाला झाला. पोहेवाल्याने त्यांच्या प्लेटमध्ये दोन मुठी शेव जास्त घातली तर मला कोपर मारून म्हणाले, "का घातली? मन खातंय त्याचं." मन माझं खात होतं. मी मान डोलवून "संदिग्धच आहे" म्हणायचो आणि मुकाट्याने पोहे गिळायचो. तपास झाला की त्यांच्याकडे चहा. दोन कप होते, त्यातल्या एकावर दुकानाचं लेबल अजून तसंच होतं.

पाचव्या दिवशी मला राहवलं नाही. "वानखेडेजी, ही गाडी चालू तरी होते का?"

ते उठले, गाडीत बसले, चावी फिरवली. इंजिन धडधडायला लागलं!

"चार महिने झाले," ते म्हणाले.

"मग हलवत का नाही?"

"ब्रेक नाही ना. ब्रेकच्या तेलाच्या नळीत हवा भरली आहे. ती काढायला दोन माणसं लागतात. एकाने आत बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकामागे आडवं होऊन स्क्रू उघडायचा. तो बंद होण्याआधी पाय उचलला तर हवा परत आत."

"अहो, मग बोलवायचं कुणाला तरी!"

ते पाना पुसत राहिले. "कोणाला?"

सगळ्या गल्लीची मीटरं संशयाने बघून झाली होती; आता येणार कोण?

सातव्या दिवशी मी रजा टाकली. सकाळीच गाडीत जाऊन बसलो. खालून त्यांचा आवाज यायचा, "दाबा… धरा… सोडा." तीन चाकं झाली. चौथ्यापाशी मला त्यांचे फक्त पाय दिसत होते.

"धरा. आता सोडू नका हं, स्क्रू उघडलाय."

"धरलंय."

"नोटिशीवर फोटो होता, देसलेजी. वरून काढलेला. कोपऱ्यात तुमचं बनियन वाळत होतं."

माझा पाय पेडलवरून सुटायला लागला.

"पाय! पाय सोडू नका, भिया, हवा आत जाईल!"

मी दोन्ही हातांनी गुडघा दाबून धरला. "म्हणजे पहिल्या दिवसापासून…"

"पहिल्या दिवसापासून."

"मग तो दूधवाला, पोहेवाला? मला कशाला फिरवलंत आठवडाभर?"

खालून पाना जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला.

"नाव घेतलं असतं तर तुम्ही परत आला नसतात," ते म्हणाले. "दुपारपासून मी घड्याळ बघायचो. संध्याकाळी कोणीतरी येणार आहे, हे मेरे को किती वर्षांनी…"

"चुकलो मी, वानखेडेजी."

"बंद केला स्क्रू. सोडा आता."

पेडल पायाखाली घट्ट लागत होतं. ब्रेक आला होता, गाडी हलणार होती. मला पाय उचलवेना.

"सोडा हो," ते खालूनच म्हणाले. "आणि उद्या या. आता शोधायचं काही नाही, तरी या."