चाच्याला एक डोळा पुरतो

"समुद्री चाच्याला डोळे लागतात किती? एक! दुसऱ्यावर पट्टीच असते. मग एवढा आरडाओरडा कशाला?" धाकटीने मेकअपच्या खोलीत छाती पुढे काढून जाहीर केलं.

आरडाओरडा होण्यासारखं घडलं होतं खरं. प्रयोगाला उशीर झाला म्हणून धाकटीने आपली लाल स्कूटर हॉलच्या फाटकात कशीबशी टाकली होती आणि धावतपळत येऊन बेसिनवर लेन्स घालायला घेतल्या होत्या. उजव्या डोळ्यात एक नीट बसली. दुसरी बोटावरून सुटली ती थेट मोरीत!

धाकटी चष्म्याच्या दुकानात कामाला. दिवसभर लोकांचे नंबर काढायची. पण स्वतःचा चष्मा उतरवला की समोर नवरा उभा आहे की कपाट, हे त्याने हालचाल केल्याशिवाय तिला कळायचं नाही. म्हणून प्रयोगापुरत्या लेन्स. चष्मा लावून तलवार चालवणाऱ्या चाच्याला कोण भीक घालणार?

काळी कवटी महिला नाट्यमंडळात ती शिरली होती, ती काही कलेच्या ओढीने नव्हे. मंडळाच्या कप्तान म्हणजे तिच्या थोरल्या जाऊबाई. शाळेत त्या गणित शिकवायच्या आणि घरात बाकीचं सगळं. टॉवेल वाळत कसा घालावा, दार किती जोरात लावावं, पाहुण्यांसमोर किती हसावं, प्रत्येक गोष्टीची त्यांची एक पद्धत होती आणि धाकटीची नेमकी चुकायची. घरात त्यांच्यापुढे तोंड उघडायची सोय नाही. पण नाटकाच्या शेवटच्या प्रवेशात धाकटी त्यांना तलवारीने लोळवायची, त्यांची खोटी मिशी उपटायची आणि त्यांना खजिन्याच्या पेटीत ढकलून वरून झाकण लावायची. दर महिन्याला, टाळ्यांच्या कडकडाटात! त्या एका प्रवेशाच्या जोरावर ती उरलेला महिना गुण्यागोविंदाने काढायची.

आणि आज तो प्रवेशच धोक्यात होता. पडदा फाडला म्हणून जुन्या हॉलमधून मंडळाची हकालपट्टी झाली होती. या नव्या हॉलचे मॅनेजर आज प्रयोग बघणार होते. आवडला तर वर्षभर हॉल मिळणार, नाही तर मंडळाने गाशा गुंडाळायचा. म्हणजे जाऊबाई कायमच्या अजिंक्य!

शेवटच्या प्रवेशाआधी अंधाऱ्या विंगेत ती कपडेवाल्या मावशींना म्हणाली, "मावशी, पट्टी डाव्या डोळ्यावर बांधा हं. पटकन!"

मावशी समोर उभ्या. त्यांच्या डाव्या हाताला जो डोळा आला, तो त्यांनी करकचून बांधून टाकला. नेमका लेन्सवाला!

धाकटी आरोळी ठोकत रंगमंचावर उतरली आणि चक्रावली. सगळीकडे नुसता धूर! धूर सोडणारीने आज अख्खं यंत्र रिकामं केलं की काय? पण घाबरायचं कारण नव्हतं. लढाई तिला तोंडपाठ होती. वर, खाली, गिरकी, लाथ, मिशी, पेटी. नियम एकच. समोरच्याकडे रोखून बघायचं, त्याने मान हलवली की मगच वार करायचा.

त्याच वेळी समोरच्या विंगेतून मॅनेजर रंगमंचावर आले. अंगात काळा कोट, ओठावर भरघोस मिशा, हातात लांबलचक टॉर्च. फाटकात कोणीतरी लाल स्कूटर आडवी लावली होती आणि बाहेर गाड्यांचे हॉर्न कोकलत होते.

"थांबवा ते नाटक! लाल स्कूटर कोणाची आहे?" मॅनेजर ओरडले. पण नगारे एवढे दणाणत होते, की धाकटीला नुसती घरघर ऐकू आली. जाऊबाईंचा घसा सकाळपासून बसलाच होता. बिचाऱ्या! मग मॅनेजरांनी रागाने मान हलवली.

धाकटीने वार केला.

"अहो बाई!" मॅनेजरांनी टॉर्च आडवा धरला. खाडकन आवाज झाला. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. वर झालं, खाली झालं, धाकटीने गिरकी घेतली आणि लाथ घातली. मॅनेजरांचा चष्मा उडाला आणि पुढच्याच पावलाला तिच्या बुटाखाली कुडुमकन मोडला. मग तिने मिशी धरली आणि ओढली. मिशी निघेना! आज डिंक भलताच चांगला लागलाय, असं म्हणून तिने दोन्ही हातांनी जोर लावला. मॅनेजरांनी असा काही टाहो फोडला, की पहिल्या रांगेतल्या एक बाई हसता हसता खुर्चीवरून खाली आल्या.

एवढ्यात खऱ्या जाऊबाई तलवार उपसून विंगेतून धावत आल्या. "अगं ए, सोड त्यांना! मी इकडे आहे!"

धाकटीला आता दोन जाऊबाई दिसू लागल्या. एका डोळ्याने दोन दोन दिसतात, म्हणजे नंबर वाढला, असं निदान तिने जागच्या जागी केलं. मग हाताशी होत्या त्या जाऊबाईंना पेटीत ढकललं आणि झाकण लावून वर पाय रोवून उभी राहिली. प्रेक्षक उभे राहून टाळ्या पिटत होते.

पडदा पडला. पेटीतून बुक्क्यांचा आवाज येत होता.

"वाट लावलीस!" जाऊबाई कडाडल्या. "हॉल गेला आणि माझं मरणही गेलं! मरतानाचं माझं एवढं मोठं भाषण होतं, ते त्या माणसाला दिलंस? त्याने तर एक वाक्यसुद्धा म्हटलं नाही!"

धाकटीने पट्टी वर सरकवली, पेटीतून बाहेर येणाऱ्या मिशा बघितल्या, आणि मागच्या दाराने पळ काढला.

दुसऱ्या दिवशी ती दुकानात गल्ल्यामागे तोंड लपवून बसली होती. मालक जेवायला गेले होते. तेवढ्यात भिंत चाचपत एक गृहस्थ आत आले. काळा कोट. वरचा ओठ सुजलेला.

"कोणी आहे का हो? मला काही म्हणजे काही दिसत नाहीये. काल एका बयेने माझा चष्मा पायाखाली तुडवला!"

"अरेरे! कसल्या कसल्या बायका असतात नाही!" धाकटी आवाज बारीक करून म्हणाली.

तिने नंबर काढला. समोरच्या तक्त्यावरची अक्षरं तपासताना तिच्या मनात काय काय येऊन गेलं! भिंग जरासं इकडचं तिकडे केलं, तर या माणसाला जन्मात आपला चेहरा दिसणार नाही. पण हाताला खोटं काम जमेना. तयार भिंगांतून अगदी बरोबर नंबराची जोडी शोधून तिने फ्रेममध्ये बसवली, डोळे मिटले आणि चष्मा त्यांच्या नाकावर चढवला.

मॅनेजर तिच्याकडे बघत राहिले.

"तुम्हीच त्या!"

"साहेब, चुकलं माझं!" धाकटीला रडूच फुटलं. "मला हवी ती शिक्षा करा, पण मंडळाचा हॉल काढून घेऊ नका. महिन्यातून एकदाच मला जरा बरं वाटतं हो!"

"रडताय काय? अहो, पहिल्या रांगेत माझी बायको होती! लग्न झाल्यापासून माझ्या एकाही विनोदावर ती हसली नव्हती. काल खुर्चीवरून पडली! रात्रीसुद्धा झोपेत हसत होती. हॉल वर्षभर तुमचा. फक्त दर प्रयोगाला पेटीत मीच पडणार!"

धाकटीला त्यांच्या पायाच पडावंसं वाटलं. जाऊबाईंचं मरण गेलं ते गेलं, पण त्यांना दुसऱ्या अंकात कुठेतरी मारता आलं असतं.

"एक मात्र सांगून ठेवतो," मॅनेजरांचा आवाज चढला. "माराचं मला काही वाटत नाही. पण ती लाल स्कूटर! डाव्या बाजूचा आरसा तुटलेली! लोकांनी मला काय काय ऐकवलं, ते माझं मला माहीत. ती ज्याची असेल, त्याला आणि त्याच्या सात पिढ्यांना माझ्या हॉलची पायरी चढू देणार नाही!"

"बरोबर आहे तुमचं," धाकटी पुटपुटली आणि सरकत सरकत काचेच्या दारापुढे आडवी उभी राहिली. पण ती बारीक आणि दार रुंद.

मॅनेजर खुशीत रस्त्याकडे वळले. "वा! काय नंबर काढलाय हो! समोरच्या पाटीवरची बारीक अक्षरंसुद्धा वाचता येताहेत. ते बघा, खांबावर कावळा! खांबाखाली सायकल! आणि सायकलीच्या शेजारी ती ला..."

धाकटीने टाचा उंचावल्या आणि त्यांच्या नाकावरचा चष्मा अलगद काढून घेतला.

"साहेब, हा इथेच राहू दे. नंबर साफ चुकलाय!"