सेतूरावांचे एकशे आठ किलो

शेअर ऑटोत बसताना आमचे शेजारी सेतूराव प्रत्येकाला वजन विचारतात. बायकांनासुद्धा. पापनाशमला जाताना एकदा मलाही विचारलं. मी म्हटलं, "सेतूराव, जनाची नाही तर मनाची तरी!" तर म्हणतात, "नका सांगू. पण टीचरम्मा, तुम्ही पुढे सरका. किती ते नंतर, कुठे ते आधी." आणि माझ्या मांडीवरचा फणस उचलून स्वतः मागे जाऊन बसले. ऑटोवाला तमिळमध्ये जे पुटपुटला ते मी इथे लिहीत नाही.

एखादी वस्तू किती जड यापेक्षा ती कुठे ठेवली ते महत्त्वाचं, असं ते दिवसातून दहादा सांगतात. घराचा उंबरा म्हणजे अंतर मोजायचं त्यांचं शून्य. तिथून कॉफीचा फिल्टर चार मीटर, विठोबाचा देव्हारा सहा. कामवालीने पितळी घागर हातभर सरकवली तरी "घराचा तोल गेला" म्हणून ओरडतात. भजनाला लठ्ठ टाळकऱ्यांना दोन्ही बाजूंना वाटून बसवतात. लोक मुकाट बसतात, हे आणखी विशेष.

आता खरं सांगते. मला त्यांचा हेवा वाटायचा. वाटायचा म्हणजे काय, नुसता जळफळाट व्हायचा. मी सत्तावीस वर्षं इथल्या शाळेत गणित शिकवलं, पण एकाही विद्यार्थ्याने कधी परगावाहून फोन केला नाही. आणि हे सेतूराव! तिरुच्चीच्या विमानतळावर जन्मभर, कुठलं सामान कुठे ठेवायचं त्याचे तक्ते लिहिले. स्वतः विमानात एकदाही बसले नाहीत. निवृत्त झाल्यावर वैमानिकाच्या परीक्षेसाठी विमानाचं वजन आणि तोल शिकवायला लागले, तेही घरबसल्या संगणकावरून. पुण्याची, लखनौची पोरं "सर, सर" करतात. आणि विषय तो काय? माणसं, सामान, इंधन, प्रत्येकाचं वजन गुणिले शून्यापासूनचं अंतर. त्याची बेरीज भागिले एकूण वजन. झालं! हे तर माझी सातवीतली मुलंही करतील, असं मी गल्लीभर सांगत होते.

म्हणून माझी मुलगी तुळजा वैमानिक व्हायला निघाली तेव्हा मी जाहीर केलं, "हा विषय मीच शिकवणार. दारात कावेरी असताना शेजाऱ्याकडे तांब्या घेऊन कशाला जायचं?"

शिकवलं. तुळजा नापास झाली.

कारण कळलं तेव्हा धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. त्या गणितांत इंधन लिटरमध्ये दिलेलं असतं. जन्मभर मी लिटरभर दूध म्हणजे किलोभर धरत आले, तेच पोरीला शिकवलं. शेवटी तुळजा मला घेऊन शेजारी गेली. सेतूराव तिच्या वहीवर वाकले. "एकशेपन्नास लिटर म्हणजे एकशेपन्नास किलो? अय्यो! हे पेट्रोल पाण्याहून हलकं. एकशे आठ किलो! रोज जपमाळ ओढता ना टीचरम्मा, एकशे आठ कसे सुटले?" तुळजा खुदकन हसली. माझी मुलगी, आणि त्यांच्या विनोदावर!

त्या दिवसापासून रोज चार वाजता ती त्यांच्याकडे. परत आली की "सेतूमामा असं म्हणाले", "मामा तसं म्हणाले". मी डोशाचं पीठ ढवळताना डाव आपटायचे. एकदा तर मनात आलं, पुन्हा नापास झाली तर बरं, निदान यांचं नाक तरी कापलं जाईल. आई असून असं मनात आलं. लाज वाटली, पण आलं हे खरं.

ती पास झाली. निकाल मोबाईलवर आला आणि ती अनवाणी धावली. कुठे? शेजारी! मला बातमी भिंतीपलीकडून ऐकू आली. आठवड्याभरात ती विमान उडवायला शिकायला दूर निघूनही गेली.

ती गेल्यावर चार दिवसांनी मी लाडूंचा डबा घेऊन सेतूरावांकडे गेले. दोन टोमणेही तयार ठेवले होते. चार वाजले होते. ते टेबलाशी बसून कागदावर गणितं लिहीत होते. प्रत्येक कागदाच्या डोक्यावर तुळजाचं नाव. चांगली जाडजूड चळत झाली होती.

"अहो, ती पास झाली ना?"

"सरी, सरी, बरोबर. माहीत आहे. चार वाजले की हात आपोआप चालतो."

"तुम्हाला काय कमी? देशभरची पोरं आहेत."

"ती संगणकाच्या काचेतली, टीचरम्मा. पास झाली की बंद. नापास होतो तोच परत येतो." कागदांच्या कडा त्यांनी उगाच नीट केल्या. "दारातून आत येऊन समोर बसली ती एकटी तुळजा. जीव लावून शिकवलं आणि मीच तिला घालवलं."

लाडूंचा डबा मी टेबलावर ठेवला. मी तुळजाच्या खुर्चीत बसले. "द्या ती पेन्सिल."

वर्षानुवर्षं दुसऱ्यांचे पेपर तपासलेली मी, नाकावर चष्मा ठेवून गणित सोडवलं आणि कागद पुढे केला. सेतूरावांनी पाहिलं. मागच्या कप्प्यातलं सामान मी पुढच्या अंतराने गुणलं होतं.

"चुकलं!" ते उडालेच. "टीचरम्मा, चुकलं! थांबा, कॉफी टाकतो, मग पहिल्यापासून सांगतो."

पहिलं गणित माझं खरंच चुकलं होतं. दुसरं मी मुद्दाम चुकवलं.